थोरलीचा तास

लॉन्ड्रीवालीला दोन मुली. थोरली हुशार, आणि बारकी म्हणजे नुसतीच बारकी. घरात एक हुशार निघालं की दुसऱ्याकडे कुणी धड बघत नाही. जगाची रीतच ती, तिला काय करणार! वडिलांचा पत्ता नव्हता आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं.

थोरली अकरावीत होती तेव्हा शाळेने नवीन टूम काढली. हुशार मुलांनी शाळेत असतानाच कॉलेजचा एखादा विषय घरबसल्या ऑनलाइन शिकायचा, म्हणजे ते गुण पुढे कॉलेजात धरले जातात. थोरलीने भूगर्भशास्त्र घेतलं.

"घरात दगड कमी होते वाटतं!" आई बारकीकडे बघत म्हणाली, आणि तिघी खूप हसल्या.

जेमतेम सहा तास झाले असतील, थोरलीला मेंदूज्वर झाला. आठवड्यात सगळं आटोपलं.

शाळेत शोकसभा झाली, पटावरचं नाव कमी झालं. कॉलेजला मात्र कुणीच कळवलं नाही. शाळेला वाटलं, घरचे कळवतील. घरच्यांचं डोकं ठिकाणावर होतं कुठे?

एका संध्याकाळी दुकानावरच्या खोलीत थोरलीचा लॅपटॉप वाजला. तास सुरू होत होता. बारकी बंद करायला म्हणून गेली, तर आतून बाईंचा आवाज आला. बाई जुन्या वळणाच्या. ऑनलाइन असो नाहीतर काही असो, नावं घेऊन हजेरी लावायच्या. त्यांनी थोरलीचं नाव घेतलं, आडनावासकट. मग पुन्हा घेतलं.

"आहेस का गं? की आजही दांडी?"

बारकीच्या तोंडून निघून गेलं, "हजर, मॅडम."

म्हटलं आणि तिच्या अंगावर काटा आला. आवाज तिचा नव्हताच. मागे वळून बघते तर जिन्यात आई उभी, हातात कुणाच्या तरी शर्टांची चवड. तिथेच पायरीवर टेकली आणि तास संपेपर्यंत ऐकत राहिली.

पुढच्या वेळी आईनेच खालून हाक मारली, "बारके, चल वर. ताईचा तास आहे."

तेव्हापासून हे रोजचंच झालं. कॅमेरा बंद, आवाज चालू. बारकी दहावीतली, सुरुवातीला निम्मं तिच्या डोक्यावरून जायचं. पण मागच्या पायरीवर आई श्वास रोखून बसलेली असताना चुकायची सोय नव्हती. ती थोरलीची पुस्तकं वाचायला लागली, थोरलीसारखी डावा हात गालाला लावून. अक्षरही हळूहळू तिच्या वळणावर गेलं. एकदा शाळेच्या पेपरावर तिने ताईचंच नाव लिहिलं आणि खाडाखोड करताना कागद फाटला. शाळेत तिचं स्वतःचं नाव पुकारलं तर शेजारणीला कोपर मारावं लागायचं. दोनदा तर गैरहजेरीच लागली.

गल्ल्यावर मावशी बसायची. तिची जीभ म्हणजे कात्री.

"आक्का, वेड लागलंय का तुला? गेलेल्या पोरीला पैकीच्या पैकी, आणि जिती गणितात नापास!"

आई इस्त्री फिरवत राहिली. मग म्हणाली, "नाव घेतात गं तिचं. दुसरं कोण घेतं आता? तू घेतेस?"

मावशीने गल्ला बंद केला, उघडला.

मग तोंडी परीक्षा आली. कॅमेरा चालू ठेवायचा, ओळखपत्र समोर धरायचं. आईने थोरलीचा निळा कुडता कडक इस्त्री करून आणला, बारकीला पुढ्यात बसवलं आणि तिचा भांग मधोमध पाडला.

"फोटो जुना आहे, खपून जाईल. एका साच्यातल्या तर आहात दोघी."

"आणि पास झाल्यावर?"

"पुढचं पुढे बघू."

"आई, मग माझी दहावी कोण देणार?"

कंगवा क्षणभर थांबला. "तुझं काय," आई म्हणाली, "तू आहेस की."

बारकीने ताईचं ओळखपत्र हातात घेतलं.

कॅमेरा लागला. कोपऱ्यातल्या चौकोनात थोरली बसली होती. बारकीने मान हलवली, तिनेही हलवली.

"अगंबाई, चेहरा आज बघतेय मी तुझा!" बाई खुशीत होत्या. "वर्गात तुझ्याइतकं वाचून कुणी येत नाही हो. चल, पूर्ण नाव सांग."

बारकीने स्वतःचं नाव सांगितलं. कितीतरी दिवसांनी ते तोंडात आलं होतं, जड लागलं.

बाईंनी खाली बघितलं. "हे नाव नाही माझ्याकडे."

"तुमच्याकडे आहे ते माझ्या ताईचं. ती वारली, मॅडम. तासाला मी बसत होते."

बाईंचा हात तोंडावर गेला. "कधी गं?"

"तुमचे सहा तास झाले होते."

"आणि मी तिला रागावत होते, दांड्या मारते म्हणून." त्यांनी यादीतल्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "हे गुण नाही धरता येणार, बाळ. नावही काढावं लागेल. आजच."

आई जिन्यातून उठून आली आणि पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. हात पदराला पुसत म्हणाली, "काढा. पण आधी एकदा घ्या."

"काय घेऊ?"

"नाव. हजेरीत घेता तसं."

बाईंनी घेतलं. आडनावासकट, स्वच्छ.

आईने बारकीकडे पाहिलं. बारकीने ओठ घट्ट मिटून घेतले, इतके की दात रुतले. खाली गिऱ्हाईक मावशीशी हुज्जत घालत होतं, वाफेची इस्त्री फुसफुसत होती. बाईंनी दुसऱ्यांदा नाव घेतलं, या वेळी हळू. मग पडदा काळा झाला.

आई अजून कान देऊन उभी होती. लॅपटॉप मिटायला बारकीचा हात पुढे गेला, पण तिच्याने मिटवेना.