कडेच्या काळ्या पट्ट्या

शिवणकामात मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता. बाही जराशी ढिली निघाली की कारागिराच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. हेच मास्तर घरी टीव्हीसमोर बसले की त्यांच्या नजरेला काय व्हायचं, देव जाणे!

टीव्ही घेतला तेव्हा दुकानदाराने रंग भडक करून ठेवलेले, गिऱ्हाइकाने लांबूनच भुलावं म्हणून. मास्तर भुलले आणि जन्मभर भुललेलेच राहिले. बातम्या देणारी बाई गाजरासारखी दिसायची, तरी म्हणायचे, "काय तजेला आहे बघ!" जुन्या चौकोनी चित्राच्या कडेला काळ्या पट्ट्या आल्या की मात्र त्यांचा जीव वरखाली व्हायचा. "एवढा रुंद पडदा काय कडा काळ्या ठेवायला घेतला? असा कपडा वाया घालवला असता तर दुकान चाललं असतं का?" असं म्हणत ते चित्र ताणून दोन्ही कडांना भिडवायचे. मग चंद्र अंड्यासारखा, घोडे डुकरांसारखे बुटके. मास्तरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

लेकीने तेही चालवून घेतलं असतं. पण ती तान्ही असतानाच तिची आई गेली होती. फोटोंत आई घोळक्यात मागे कुठेतरी उभी. धड दिसायची ती फक्त दुकानाच्या उद्घाटनाच्या जुन्या व्हिडिओत, नवा कोट घालून दारात हसणारी गोल गरगरीत बाई. लेक काडीसारखी, उभट चेहऱ्याची. "आईचं काहीच घेतलं नाहीस तू," मास्तर सहज बोलून जायचे आणि तिच्या काळजात चर्र व्हायचं.

परवा कपाट आवरताना तो कोट निघाला. तिने अंगात घातला. खांदे, कंबर, बाह्या, सगळं तिच्याच मापाने बेतल्यासारखं. ती तशीच बाहेर आली.

मास्तर चपापले. "आटला असेल."

"तुमच्या हातचा कोट आटतो, बाबा?"

बायकोचा चेहरा विसरलो हे एकवेळ मास्तरांनी कबूल केलं असतं, पण आपल्या शिवणीला नाव ठेवायचं? छे!

लेकीने व्हिडिओ लावला आणि रिमोट घेऊन ताणलेलं चित्र मूळ आकारावर आणलं. दोन्हीकडून काळ्या पट्ट्या आत सरकल्या आणि ती गरगरीत बाई बघता बघता सडपातळ झाली. तोच उभट चेहरा, तीच हनुवटी. लेकीला रडू आवरेना.

"हीच गं ती," मास्तर पुटपुटले. "कशी विसरलो मी?"

आवाज खरोखर कातर झाला होता. पण हात सवयीचा गुलाम. तो रिमोटकडे सरकलाच. "आता ह्या कडा तेवढ्या जरा..."

लेकीने रिमोटमधले सेल काढले आणि आईच्या कोटाच्या खिशात टाकले.