जुन्याच्या रकान्यातल्या रेघा

उमरग्याला हायवेच्या कडेला आमचं सीटचं दुकान आहे. आमचं म्हणजे अप्पांचं. अकरा वर्षं मी तिथं ट्रकच्या सीटा शिवतोय, म्हणून तोंडात आमचं येतं. ड्रायव्हर गाडी लावतो, सीट उतरवून देतो आणि मग दोन-तीन तास त्याला कुठं जाता येत नाही. गाडीला सीटच नाही तर जाणार कुठं? तेवढ्या वेळात अप्पा त्याला गाठतात. सीमेपलीकडचा असला तर कानडीतून, नाहीतर मराठीतून आधी गाव विचारतात, मग माल काय भरलाय ते, आणि चहा आला की तो प्रश्न.

"बोला ड्रायव्हरसाहेब, बॅटिंगमधी सगळ्यात मोठा कोण? नाव घ्यायचं न्हाय. जुना, मधला का आत्ताचा, एवढंच बोलायचं."

नाव न घ्यायचा नियम अप्पांचाच. मी यायच्या आधी म्हणे नावावरून दोन गिऱ्हाइकं हातघाईवर आली होती आणि एकाच्या डोक्यात सीटची फळी बसली होती. तेव्हापासून जुना म्हणजे हेल्मेट नव्हतं त्या काळातला. मधला म्हणजे ज्याच्यापायी आम्ही दुसऱ्याच्या खिडकीत उभं राहून टीव्ही बघितला तो. आत्ताचा म्हणजे मोबाइलवर दिसतो तो. उत्तर आलं की अप्पा रेक्झिनवर खुणा करायच्या खडूनं कपाटाच्या दारावर रेघ ओढायचे. दारावर तीन रकाने. जुन्याला मत देणाऱ्याला चहाबरोबर खारी, बाकीच्यांना नुसता चहा.

जुन्याचा रकाना नेहमी वर असायचा. दार भरलं की अप्पा ओल्या फडक्यानं ते पुसायचे, पण त्याआधी शेजारच्या पंक्चरवाल्याला हाक मारून दाखवायचे. "बघा हो. सगळ्या मुलखातले ड्रायव्हर येत्यात हितं. माझ्या एकट्याचं म्हणणं न्हाय हे."

त्यातल्या निम्म्याहून जास्त रेघा माझ्या होत्या.

ड्रायव्हर सीट घेऊन आधी माझ्याकडे यायचा. फाटलेलं कव्हर उसवता उसवता मी हळूच सांगायचो, "मालक क्रिकेटचं विचारतील. जुना म्हणा. खारी मिळते." कुणाला काय पडलेलं असतं? म्हणायचे. तेलंगणातल्या ड्रायव्हरांना मराठी येत नसली तरी तेवढा एक शब्द मी त्यांच्याकडून घोकून घ्यायचो. मी स्वतः सातवीत शाळा सोडलेला माणूस. आयुष्यात दुसऱ्या कुणाला काही शिकवलं असेल तर ते हेच.

हे का करायचो, ते सांगतो. मी मूळचा मालवणकडचा. आंब्याच्या गाडीवर क्लीनर म्हणून हैदराबादला निघालो होतो. उमरग्याच्या अलीकडे मला उभं राहवेना. डोळे पिवळे झाले होते. ड्रायव्हरनं मला एका दवाखान्यापुढं उतरवलं, कारण आंबा थांबत नाही. डॉक्टर म्हणाले कावीळ आहे, पडून राहायला पाहिजे. पडून कुठं राहणार? दवाखान्यात स्वतःचं औषध न्यायला आलेल्या अप्पांनी ते ऐकलं आणि मला दुकानात आणलं. फोमच्या थप्पीवर मी महिनाभर झोपून होतो. त्यांच्या घरून जोंधळ्याच्या कण्या आणि ताक यायचं. जात विचारली नाही, बाप विचारला नाही. बरा झाल्यावर मी दाभण हातात घेतलं, ते अजून हातातच आहे.

अशा माणसाला नाही कसं म्हणायचं, ते मला कधी जमलं नाही. कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, "काय रं कोकण्या, तुझा कोण?" मी म्हणालो, "तुमचा तोच माझा." ते इतके खूश झाले की मला भीती वाटली. एवढ्याशा शब्दानं माणूस खूश होत असेल तर दुसऱ्या शब्दानं तेवढाच दुखावेल. त्यांच्या जुन्याचा एक चेंडूसुद्धा मी पाहिलेला नव्हता. पण तो छातीवर येणाऱ्या चेंडूपुढून कसा हलत नसे, ओल्या खेळपट्टीवर कसा टिकत असे, तेव्हाची बॅट कशी पातळ असे, हे सगळं मला पाठ झालं. अप्पा सांगायचे आणि मी मान हलवायचो. सीट शिवताना मान खालीच असते, त्यामुळे हलवायला सोपी जाते.

गेल्या वर्षी भादव्यात मोठ्या भावाचा फोन आला. आमच्या गावाजवळ हायवेला गाळे झालेत. एक मिळतोय. "सीटचा काम तुका येता. हयसर येऊन स्वतःचा दुकान घाल. आयेक पण बरा वाटात. गाळ्याचो मालक दसऱ्यापर्यंत थांबता, मगे दुसऱ्याक देतलो."

मी हो म्हणालो. आधी इकडे सांगतो आणि येतो, म्हणालो.

इकडे सांगणं काही होईना. सकाळी शटर उघडताना ठरवायचो, आज सांगायचं. अप्पा यायचे, खुर्ची पुसायचे, बसायचे. मग मला वाटायचं, आधी त्यांचं मन जरा चांगलं होऊ दे. आणि ते चांगलं करायचा एकच मार्ग मला येत होता. त्या महिन्यात मी एकही ड्रायव्हर सोडला नाही. ओळीनं जुना, जुना, जुना. अप्पा हवेत. जितके खूश व्हायचे, तितकं माझ्या तोंडातून काही निघेना. ह्या माणसाचं आज सगळं चांगलं चाललंय, मी कशाला बिघडवू? मधूनच भावाचा फोन यायचा. "सांगलंस?" मी म्हणायचो, "गिऱ्हाईक आसा, मगे करतंय." फोन ठेवल्यावर घाम पुसायचो.

दसऱ्याच्या आधी आमच्याकडे रीघ असते. गाडीची पूजा करायची तर फाटकी सीट चालत नाही. दोन दिवस राहिले असताना सोलापूरकडचा एक ड्रायव्हर आला. मागं एकदा येऊन गेलेला, तोंडाचा मोकळा. गर्दीत त्याच्या कानाशी लागायला मला वेळ मिळाला नाही. नाहीतरी माझा आधीचा शब्द त्याच्या लक्षात असेल, असं मी धरून चाललो.

"काय म्हणता, परत जुनाच का?" अप्पा खडू घेऊन उभेच होते.

"न्हाय अप्पा," तो म्हणाला. "मागच्या टायमाला खारीसाठी म्हणलो. तुमचा कारागीरच कानात सांगतोय की, जुना म्हणा म्हणून. मला वाटलं ही दुकानाची स्कीमच हाय."

बाकावरचे दोघं-तिघं हसले. एकजण म्हणाला, "मला बी सांगितलं राव!" मग सगळेच हसले. अप्पाही थोडे हसले.

तो ड्रायव्हर बोलतच राहिला. "आता खरं सांगू का? माझा बाप ह्याच रोडला गाडी चालवायचा. एकपदरी रोड, पॉवर स्टेरिंग न्हाय. समोरनं गाडी आली की एक चाक खाली घालायचं. त्यो म्हणतो, तुमी काय ड्रायव्हर, तुमी तर गादीवर बसून चालवता. बरोबर हाय. पण त्याला दिवसाला समोरनं वीस गाड्या यायच्या, मला मिनिटाला यायल्यात. त्यो ढाब्यावर दुपारभर झोपायचा. माझा मोबाइल मालकाला सांगतो की मी थांबलोय. मग मोठा कोण, म्या का बाप? तसंच हाय हे. पण रेघ मारायचीच तर आत्ताच्याला मारा. त्याला झोप न्हाय."

अप्पांनी रेघ मारली नाही. खडू खिशात ठेवला. त्या ड्रायव्हरची सीट बसवून होईपर्यंत ते रस्त्याकडे बघत बसले होते. जाताना त्यांनी त्याला दोन खाऱ्या बांधून दिल्या.

दुपारी जेवणाच्या वेळेला दुकान रिकामं झालं. अप्पा म्हणाले, "कवापासून चाललंय हे?"

"पहिल्यापासून."

"का?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"अन् तुझं ते ‘तुमचा तोच माझा’? ते बी त्याच्यातलंच?"

मी दाभणात दोरा ओवत होतो. तो काही केल्या जाईना. "हो," म्हणालो.

"अकरा वर्षं भिंतीशी बोललो की रं म्या," अप्पा म्हणाले. रागावून नव्हे, हिशेब चुकलेल्या माणसासारखे. मग उठून त्यांनी फडकं भिजवलं आणि सगळं दार पुसून काढलं. "हं. आता बोल. खरं बोल. तुझा कोण?"

खरं बोलायचं तर माझ्याजवळ दुसरंच खरं होतं, गाळ्याचं. तेच बोलायला मी तोंड उघडलं. बाहेर आलं भलतंच.

"माझा तिघांतला कोणीच नाही. माझा वेगळा आहे. तो फटके मारायचा नाही. बाहेरचा चेंडू बॅट वर करून जाऊ द्यायचा. तासभर, दोन तास. लोक शिट्ट्या मारायचे, तरी द्यायचा. आमच्या शेजारच्यांच्या खिडकीत त्याची बॅटिंग आली की पोरं निघून जायची, मला चांगली जागा मिळायची."

"जाऊ द्यायचा?" अप्पांचा आवाज चढला. "चेंडू जाऊ देण्यात कसली आलीय बॅटिंग? उद्या म्हणशील, सीट न शिवणारा मोठा कारागीर!"

"जाऊ द्यायलाच दम लागतो अप्पा. तुमच्याच्या अंगावर चेंडू यायचा, त्याला दुसरा इलाज नव्हता. माझ्याच्या समोर इलाज असायचा, तरी तो मारायचा नाही."

"इलाज नव्हता? माझ्याला इलाज नव्हता?" अप्पांनी खुर्ची पुढं ओढली. आम्ही तासभर भांडलो. मी त्यांच्यापुढं हातवारे करून बोलत होतो. पंक्चरवाला येऊन बघून गेला. मध्येच मी म्हणालो, "तुम्ही तुमच्या जुन्याला पाहिलंय तरी कुठं?" आणि लगेच वाटलं, हे बोलायला नको होतं.

अप्पांनी खुर्ची मागं सरकवली. मग म्हणाले, "न्हाय बघितला. बेंबळीला मामाच्यात रेडिओ व्हता. त्याच्यावर ऐकला. कॉमेंट्री निम्मी इंग्रजीतनं. ते कुणाला कळतंय? लोकं वरडली की समजायचं, ह्यानं मारला. गप झाली की समजायचं, लागला त्याला. म्या ऐकूनच त्याला धरून बसलोय. तू निदान खिडकीतनं तरी बघितलास."

एवढं बोलून ते हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "लई दिवसांनी कुणीतरी भांडलं बघ माझ्यासंगं. घरी सगळी व्हय म्हणत्यात, हितं तू व्हय म्हणतोस. दसरा होऊ दे, निवांत बसू. तुझं कुठं चुकतंय ते दाखवतो. आता लवकर सोडत न्हाय तुला."

माझा फोन वाजत होता. भावाचाच. मी तो पालथा ठेवला.

दसरा झाला. गाळा मोबाइल दुरुस्तीवाल्यानं घेतला. भाऊ चार महिने बोलला नाही. आई बोलते, पण गाळ्याचं काढत नाही, ते जास्त लागतं.

कपाटाच्या दारावर आता चार रकाने आहेत. चौथा माझा. ड्रायव्हरांना मी काही सांगत नाही, त्यामुळे त्यात अजून एकच रेघ आहे, ती अप्पांनी माझ्या नावानं मारलेली. खारी मला मिळत नाही. ती जुन्यालाच, नियम म्हणजे नियम. रोज दुपारी आम्ही भांडतो आणि अप्पांचा चेहरा उजळतो.

गाळ्याचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते रागावतील असं नाही. ते म्हणतील, "येड्या, आधी का न्हाय बोललास? जायचं व्हतंस की. दुसरा गाळा मिळंल, नीघ," आणि माझी पिशवी स्वतः उचलून स्टँडवर सोडायला येतील. हे मला पक्कं माहीत आहे. म्हणूनच तोंड उघडत नाही.