पाण्याची गाठ नव्हती

आंघोळ करताना उजव्या वृषणाला कडक गाठ हाताला लागली, तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. दुखत नव्हती, म्हणून चार महिने कुणालाच सांगितलं नाही. वाळूजच्या कंपनीत माझं काम मापं तपासायचं. पार्टमध्ये कणभर फरक दिसला तरी मी माल बाजूला काढायचो. अंगातला फरक मात्र चालवून घेतला.

शेवटी गावी, फुलंब्रीला गेलो असताना वडिलांच्या कानावर घातलं. दुखतं का, एवढंच त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग पाणी भरलं असंल. तुझ्या थोरल्या काकालाबी झालतं." मलाही तेच ऐकायचं होतं.

पण आठवड्याभरात जडपणा वाढला. बजाजनगरमधल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी खोलीतला दिवा बंद करून गाठीच्या मागून टॉर्च लावला. पाणी असेल तर उजेड आरपार दिसतो, म्हणाले. उजेड दिसला नाही. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि सोनोग्राफी आजच करायला सांगितली.

सेंटरवर बहुतेक गरोदर बायका आणि त्यांच्या सासवा. आत डॉक्टर बाई होत्या. मी दारातच अडखळलो, पुरुष डॉक्टर नाहीत का, असं विचारलंही. संध्याकाळी येतात, पण तुम्ही थांबू नका, असं त्या शांतपणे म्हणाल्या.

त्यांनी आधी चांगली बाजू पाहिली. तोवर कुठं राहता, काय करता, असं बोलणं चालू होतं. उजवीकडे आल्यावर ते थांबलं. पडद्यावर करड्या गोलात एक काळपट डाग होता. त्यांनी त्याच्या दोन्ही टोकांना खुणा करून माप घेतलं. पुन्हा घेतलं. माप दोनदा कधी घेतात, ते मला माहीत होतं. मग बटण दाबलं तसे डागात लाल-निळे ठिपके हलू लागले. नंतर त्यांनी शर्ट वर घ्यायला लावून पोटही तपासलं.

सोबत कुणी आहे का, असं त्यांनी विचारलं. कुणी नव्हतं. त्या खुर्ची ओढून समोर बसल्या.

"हे पाणी नाही. गाठ वृषणाच्या आत आहे, तिला रक्तपुरवठा आहे. मला कॅन्सरचा दाट संशय आहे. पोटात पसरलेलं काही दिसलं नाही, हे चांगलं. आजच सर्जनला दाखवा. आणि गाठीत सुई घालून तपासू असं कुणी म्हणालं, तर घालू देऊ नका, त्यानं तो पसरू शकतो."

जिन्यातून बायकोला फोन केला. ती पडेगावच्या शाळेत शिकवते. सगळं ऐकून ती "चार महिने?" एवढंच म्हणाली आणि अर्ध्या तासात स्कूटीवर आली.

चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं, वृषण काढलं. रिपोर्ट यायला दहा दिवस लागले. वडील रोज सकाळच्या एसटीनं यायचे, उशाशी बसायचे, पण माझ्याकडे बघायचे नाहीत. एकदा म्हणाले, "मी पाणी म्हणलो नसतो, तर तू डॉक्टरकडं लवकर गेला असता."

"अण्णा, चार महिने मी आधीच घालवले होते," मी म्हणालो.

रिपोर्टमध्ये कॅन्सरच निघाला, पण तो बाहेर पसरला नव्हता. केमो लागली नाही. ठरलेल्या तारखांना तपासणी मात्र अजून चालू आहे.

कंपनीत मी हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. दोनेक महिन्यांनी जेवणाच्या सुट्टीत खरं काय ते सांगून टाकलं. कुणी हसलं नाही. डबे धुताना माझ्या लाइनवरचा एक जण शेजारी येऊन उभा राहिला आणि नळाकडेच बघत म्हणाला, "ते सोनोग्राफीवालं कुठंय?"