मशीनवर बसायचं पातळ

कुंदाबाईंच्या घरी टेकायचं म्हटलं तर आधी काहीतरी उचलावं लागे. खुर्चीत अर्धा विणलेला स्वेटर, सुयांसकट. पलंगावर कापून ठेवलेले ब्लाऊज, प्रत्येकाला टाचणीनं नावाची चिठ्ठी. आणि मधल्या खोलीभर जमिनीवर अंथरलेली कुणाची तरी गोधडी, तिच्यावर पाय पडला की बाई करवादत. पाहुणा मग दारातूनच ‘चालू द्या तुमचं’ म्हणून परत फिरे. त्यांचे यजमान नीळकंठराव, त्यांनी घाटंजीच्या पंचायत समितीत तीस वर्षं फायली सांभाळल्या, पण घरातल्या या ढिगांपुढे त्यांनी कधीच हात टेकले होते. पेपर वाचायला ते ओट्यावर जात.

एका वेळी तीन-तीन कामं कशाला, असं कुणी विचारलं तर कुंदाबाईंचं उत्तर तयार असे. मशीनवर पाठ भरून आली की गोधडीवर बसायचं, गोधडीनं गुडघे धरले की खुर्चीत विणायचं, तेवढाच आराम! हे त्या इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगत की ऐकणाऱ्याला पटायचं. खरी गोष्ट एवढीच होती की बाईंना नाही म्हणता येत नव्हतं. दारात कुणी कापड घेऊन उभं राहिलं की हात आपोआप पुढे जाई. तोंडानं ‘आता नाही हं, फार काम आहे’ म्हणेपर्यंत कापड काखेत आलेलं असे.

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात तर कामानं कहर केला. कापसाला भाव नव्हता. खरेदी केंद्राच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग हलत नव्हती, आणि घरोघरी बैठकीत कापसाचे ढीग पडून होते. बायकांनी म्हटलं, कुणी घेत नाही तर निदान पांघरू तरी. ज्या घरांनी जन्मभर कापूस पिकवून दुसऱ्याला दिला, त्या घरांत पहिल्यांदा रजया भरल्या जाऊ लागल्या. पिंजलेला कापूस आणि जुनी लुगडी घेऊन जी ती कुंदाबाईंच्या दारात. पलंगाखाली गाठोडी मावेनात.

त्यातच मिताली, त्यांची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

आता कुणी म्हणेल, शिवणारी आजी घरात, तर नातवंडाच्या कपड्यांची काय चिंता! पण कुंदाबाईंच्या घरची रीत मुलखावेगळी. बाळ हातात येईपर्यंत त्याच्या नावानं एक टाकासुद्धा घालायचा नाही. आणि आल्यावर त्याचं पहिलं दुपटं घरातल्या सगळ्यात थोर बाईच्या नेसून मऊ झालेल्या वस्त्राचंच करायचं, बाराव्या दिवसाच्या आत. सासूबाईंनी हे बजावून ठेवलं होतं आणि जाताना आपलं एक हिरवं, लाल काठाचं लुगडं त्यासाठीच मागे ठेवलं होतं. आठ वर्षं ते पेटीत होतं.

मार्गशीर्षात मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी कुंदाबाईंनी पेटी उघडली, तर लुगडं नाही. मग आठवलं, दिवाळीच्या सुमारास आपणच ते बाहेर काढलं होतं. म्हणजे पलंगाखालच्या गाठोड्यांत असणार. गुडघ्यांवर रांगत त्यांनी गाठोडी ओढली. चौथ्या गाठोड्यात हिरवं, लाल काठाचं, विटून गेलेलं लुगडं सापडलं. हुश्श झालं.

पदराकडचा मऊ भाग कापून त्या दुपट्याला बसल्या. पदरावर एक ठिगळ होतं, निळ्या दोऱ्यानं घातलेलं. सासूबाई निळा दोरा कशाला वापरतील, असं क्षणभर मनात आलं. त्या फार नेटक्या, हिरव्याला हिरवा दोरा मिळेपर्यंत फाटकं तसंच ठेवणाऱ्या. पण तेवढ्यात बाळ रडलं, मितालीचा शेक व्हायचा होता, आणि दारात कुणीतरी लग्नाचे ब्लाऊज मागायला उभी होती. कुंदाबाईंनी डोळे चोळले आणि धावदोरा पुढे घातला. दुपटं सुरेख झालं. बाळ त्यावर असं झोपलं की दोन तास हललं नाही.

दहाव्या दिवशी बाजार होता. वच्छलाबाई आल्या. घाटंजीजवळच्याच एका खेड्यातल्या, वीस एकर कोरडवाहूच्या मालकीण, कुंदाबाईंची जुनी ओळख. महिन्याभरापूर्वी त्या गोधडी सांगून गेल्या होत्या. ‘‘घाई नाही वैनी,’’ म्हणाल्या होत्या, म्हणून त्यांचं गाठोडं सगळ्यांच्या मागे गेलं होतं. घाई नाही म्हणणाऱ्यांचं असंच होतं.

‘‘पोरीले पाह्याले आली,’’ म्हणत त्या वाकल्या. बाळाच्या गालाला लावायला पुढे केलेला हात मध्येच थांबला आणि दुपट्यावरच्या ठिगळावर गेला.

‘‘वैनी, हे तं माह्या मायचं लुगडं.’’

‘‘नाही हो, सासूबाईंचं...’’

‘‘निळ्या दोऱ्याचं ठिगळ मायनं माह्यासमोर घातलं. मी लहान होती. दोरा मीच ओवून दिला होता.’’

त्याच क्षणी कुंदाबाईंना दिवाळी आठवली, लख्ख. तांड्यावरच्या हंसाबाईची मोठी गोधडी, आतल्या थराला कापड कमी पडलेलं, आणि ‘उद्या दुसरं घालीन जागेवर’ म्हणून आपणच पेटीतून ओढलेलं हिरवं लुगडं. ते आता हंसाबाईच्या घरी, दोन थरांच्या मध्ये, चारी बाजूंनी शिवलेलं. सासूबाईंनी एवढी एकच गोष्ट सांगितली होती. रडू आलं त्यांना, पण त्याआधी लाज आली.

‘‘चुकलं माझं, वच्छलाबाई. उसवून देते. आत्ता देते.’’

वच्छलाबाईंनी ‘राहू द्या’ म्हटलं नाही. म्हणतील अशी कुंदाबाईंना वेडी आशा होती, ती फोल गेली. ‘‘मायचं दुसरं काईच नाही माह्यापाशी,’’ वच्छलाबाई म्हणाल्या. ‘‘पण पोर उठू द्या. निजल्या लेकराखालून वढून नेऊ काय मी?’’

त्या ओट्यावर जाऊन बसल्या. नीळकंठरावांनी त्यांना पेपरातलं पान देऊ केलं, त्यांनी नको म्हणून मान हलवली. तासाभरानं बाळ उठलं. मग दुपट्याचं एक टोक कुंदाबाईंनी धरलं, एक वच्छलाबाईंनी, आणि दोघी टाके काढू लागल्या. कुंदाबाईंचे टाके बारीक आणि घट्ट. आयुष्यभर लोकांनी त्यांचं कौतुक केलं होतं. आज ते निघता निघत नव्हते.

‘‘असं काहून झालं वैनी? तुमची तं चिंधी इकडची तिकडं होत नाही.’’

‘‘थकले हो,’’ कुंदाबाई म्हणाल्या.

हा शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडला आणि त्यांनाच नवल वाटलं. तीस वर्षांत नवऱ्याजवळ, लेकीजवळ कधी काढला नव्हता.

‘‘मंग सांगत काहून नाही कोणाले?’’ वच्छलाबाई दोरा दातानं तोडत म्हणाल्या. त्यांनी पदराचा तुकडा घडी करून उरलेल्या लुगड्यात ठेवला. ‘‘गोधडी सावकाश करा. उन्हाळ्यात झाली तरी चालते. पण हे ठिगळ वरच्या अंगाले ठेवा, दिसलं पाह्यजे.’’ आणि जाताना बाळाच्या गालाला बोट लावून गेल्या.

बारसं परवावर आलं होतं. कुंदाबाईंनी पेटी पुन्हा उपसली. लग्नाचा शालू होता, मितालीच्या लग्नातली दोन रेशमी पातळं होती. जुनं, मऊ, सुती असं एकही नाही. जे जे विटलं ते ते दुसऱ्याच्या गोधडीत कमी पडलं म्हणून गेलं होतं. अर्ध्या घाटंजीच्या अंगावर कुंदाबाईंची पातळं होती, आणि घरच्या पोरीला द्यायला वीतभर चिंधी नव्हती.

‘‘दुकानातून तयार आणू की,’’ नीळकंठराव म्हणाले. कुंदाबाईंनी नुसतं बघितल्यावर ते पुन्हा ओट्यावर गेले.

‘‘आई,’’ मिताली बाळाला घेऊन दारात उभी होती. ‘‘आजीचंच कशाला पाहिजे? घरातली थोर बाई आता तूच ना?’’

कुंदाबाईंनी चमकून वर पाहिलं. ही गोष्ट त्यांच्या कधी डोक्यातच आली नव्हती. सासूबाई आठ वर्षांपूर्वीच गेल्या होत्या, पण थोरपण अजून पेटीतच असल्यासारख्या त्या वागत होत्या. आनंद झाला का? नाही. आपण म्हातारे झालो, हे कुणीतरी पहिल्यांदा तोंडावर सांगितल्यासारखं झालं, आणि अंगातलं उरलंसुरलं त्राणही गेलं.

‘‘अगं, पण माझं जुनं आहे कुठे?’’

‘‘अंगावर आहे ते.’’

कुंदाबाईंनी खाली पाहिलं. फिकं जांभळं, बारीक चौकडीचं सुती पातळ. मशीनवर बसायचं. अकरा वर्षं रोज तेच, कारण त्यावर दोरे चिकटले, तेल सांडलं तरी चिंता नव्हती. मांडीवर सुया टोचून टोचून बारीक भोकांची चाळण झालेली. ते नेसून त्या कुणाच्या दारी गेल्या नव्हत्या, फोटोत आल्या नव्हत्या. लाजल्या त्या. ‘‘हे? शी!’’

‘‘हेच,’’ मिताली म्हणाली. ‘‘याला तुझा वास आहे.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी पातळ धुऊन भिंतीवर वाळत पडलं. दुपारी मऊ भाग कापून, चार पदरी करून, कुंदाबाईंनी दुपटं शिवलं. टाके या वेळी थोडे मोठे पडले, वाकडेही. त्यांनी ते उसवले नाहीत. बाळ त्यावर पडलं आणि मूठ चोखत झोपी गेलं.

चारच्या सुमारास दारात विमलताई आल्या, पुतणीच्या ब्लाऊजचं कापड घेऊन. हात पुढे जाणार, तोच कुंदाबाईंनी तो मागे घेतला.

‘‘नाही जमायचं.’’

‘‘मग उद्या?’’

‘‘उद्याही नाही. मशीनवर बसायचं पातळ नातीला दिलं.’’

विमलताईंना काही कळलं नाही. त्या कापड घेऊन परत गेल्या. कुंदाबाईंनी पलंगावरचे ब्लाऊज चिठ्ठ्यांसकट उचलून खुर्चीत स्वेटरवर ठेवले आणि भर दिवसा बाळाच्या शेजारी आडव्या झाल्या. नीळकंठराव आत डोकावले, घाबरून म्हणाले, ‘‘बरं नाही का वाटत?’’ बाईंना झोप लागली होती.