मॉरीनचं माहेर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे बटाटे सोलणं. म्हणजे मी सोलत होतो आणि मॉरीन ओरडत होती. तिला भाजीत सालं लागायची. "माझी पणजी शेतात वाकून वाकून हेच काढत होती," ती म्हणाली, "आणि तू सालं कचऱ्यात टाकतोस." माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि उरलेले बटाटे सालीसकट चिरले. भाजी चांगली झाली होती. तसं मी तिला सांगितलं नाही. आठवड्याभरात ती गेली.

मी कराडकडचा, शिकलो सातवीपर्यंत. सगळी नोकरी विमानतळावर सामान चढवण्यात गेली. मॉरीन इथली, लंडनच्या हाउन्सलोत जन्मलेली, पण घराणं आयरिश. लग्नात आईनं सांगितलं म्हणून मी तांदळाच्या ताटात अंगठीनं 'मीना' लिहिलं. तेव्हापासून ती इथल्या मराठी मंडळात मीना, शेजारी मीना. घरात मी मॉरीनच म्हणायचो.

तिची बापाकडची पणजी ब्रिजिट. आयर्लंडमधून बोटीनं स्कॉटलंडला बटाटे काढायला आली, जेम्स डोहर्टीशी लग्न केलं आणि ग्लासगोतच मेली. मॉरीननं म्हातारपणी तिचा माग काढला. जन्माचा दाखला आला, लग्नाचा आला, पोरांचे आले. दफनभूमी कुठली तेही घरात ऐकून ठाऊक होतं. त्यात कबर कुठली, हे काही मिळेना. दवाखान्यात मॉरीन मला म्हणाली, "मला थोडी तिच्यापाशी ठेव. मला दुसरं माहेर कुठंय?" माहेर हा शब्द तिला माझ्या आईनं शिकवला होता.

म्हणून मी निघालो. मुलगी रीटा फोनवर तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "बाबा, तुम्ही एकटा कसा जाणार? तुमची गुडघा बघा. थोडं थांबा ना, मी लीव्ह घेते."

"गुडघा माझा आहे, मी बघतो," म्हटलं आणि फोन ठेवला.

पिशवीत मॉरीननं जमवलेले दाखले, एक नारळ, तांदूळ, खण आणि मॉरीनचा चपात्यांचा स्टीलचा डबा. डब्यात तिची थोडी रक्षा. युस्टन स्टेशनातून ग्लासगोची गाडी सुटली तेव्हा डबा मी मांडीवरच घेतला. शेजारी माझ्याच वयाची एक गोरी बाई सँडविच खात होती.

"तुमचं जेवण का?" तिनं विचारलं.

"बायको," मी म्हणालो.

तिनं सँडविच खाली ठेवलं. शेतं संपली, डोंगर लागले. उघडे, पावसानं काळे पडलेले, त्यांवर दगडांचे गडगे आणि मेंढ्या. आमच्याकडच्या माळावर असे गडगे असतात. बऱ्याच वेळानं ती बाई म्हणाली, "माझा नवरा कपाटात आहे. वरच्या फळीवर. मला धीर होत नाही." मग तिनं अर्धं सँडविच मला दिलं. मी खाल्लं.

ग्लासगो लाल दगडाचं गाव. घरंही लाल, देवळंही लाल, वरून सारखी भुरभुर. मी उतरलो त्या घरची मालकीण फार भरभर बोलायची, निम्मं कळायचं नाही. सकाळी तिनं टॅटी स्कोन (बटाट्याची तव्यावर भाजलेली चपटी पोळी) वाढला. त्यात सालीचा तुकडासुद्धा नव्हता. मॉरीन असती तर तिलाही बोलली असती.

बस चुकीची धरली. भलतीकडे उतरलो, मग चढाची वाट चालत गेलो. दफनभूमीच्या कचेरीत चष्मेवाली बाई होती. मी दाखले पुढे केले.

"ब्रिजिट डोहर्टी," ती म्हणाली आणि हसली. "आजोबा, इथं ब्रिजिट डोहर्टी पोत्यानं आहेत."

तिनं शोधलं, मन लावून शोधलं. एक तान्हं पोर निघालं, एक लग्न न झालेली, एक फारच अलीकडची. आमची नव्हती. "दुसऱ्या दफनभूमीत असेल," ती म्हणाली. "तुम्ही लंडनला जा, मी कळवते."

"मी तिला ठेवल्याशिवाय जाणार नाही," मी म्हणालो.

तिनं डब्याकडे पाहिलं. "त्यात काय आहे?"

"जेवण."

"बरं," ती म्हणाली. "इथं जेवायला बंदी नाही."

बाहेर येऊन बाकावर बसलो. गुडघा ठणकत होता. समोरचे दगड वाचत बसलो, इंग्रजी तेवढं येतं. एकावर लिहिलेलं, पॅट्रिक मर्फी, आणि खाली त्याची बायको मेरी, आडनाव केली. दुसऱ्यावर जॉन वॉर्ड, बायको ॲन, आडनाव स्वीनी. मला वाटलं, ही माणसं लग्नं न करताच राहायची की काय. जवळ एक म्हातारी थडग्यावरचं गवत उपटत होती. तिला विचारलं.

"लग्नाच्याच बायका," ती म्हणाली. "ते त्यांच्या बापाचं नाव. आम्ही जिवंतपणी नवऱ्याचं लावतो. मेल्यावर स्वतःच्या नावानं जातो. तुमच्यात नाही तसं?"

"आमच्यात," मी म्हणालो, "मागचं काहीच ठेवत नाहीत."

"अरेरे," ती म्हणाली आणि परत गवताला लागली.

मी उठलो आणि कचेरीत गेलो. लग्नाचा दाखला काढला. ब्रिजिट बॉयल. इतकी वर्षं तो कागद आमच्या घरात, त्यावर तिच्या बापाचं नाव, आणि आम्ही दोघं तिला सासरच्या नावानं हुडकत बसलो. मी तर आमच्याकडचा. पण मॉरीननंही तेच केलं. इतकी वर्षं माझ्या घरात राहिली ती.

"बॉयल म्हणून बघा," मी म्हणालो.

बाईनं कपाळाला हात लावला. "तुम्ही डोहर्टी म्हणालात, मीही डोहर्टीच धरून बसले." तिनं पाहिलं, आणि ब्रिजिट निघाली. नवरा जेम्स डोहर्टी, पत्ता दाखल्यातलाच. ती स्वतः छत्री घेऊन माझ्याबरोबर आली. खाली भिंतीपाशी नुसतं गवत होतं. गरिबांची जागा, दगड कुणी लावलेला नाही. "इथं," तिनं बुटानं दाखवलं आणि मला छत्री देऊन पावसात परत गेली.

मी नारळ, तांदूळ, खण गवतावर ठेवले. लेक माहेराहून निघाली की ओटी भरतात, ही तर माहेरी आलेली. आणि ओटी बायकांनी भरायची असते. बाई कुणी नव्हती, मी भरली. डबा उघडला आणि तिला भिंतीच्या कडेनं ठेवलं. पाऊस बारीक होता, तिला लगेच मातीत घेऊन गेला. "आजी, तुमची मॉरीन," मी म्हणालो. मराठीतच म्हणालो.

त्याच रात्रीच्या गाडीनं हाउन्सलोला आलो. रीटा स्टेशनवर उभी होती. "सापडली का आईची पणजी?" म्हणाली.

"सापडली. आपणच चुकीच्या दारात हाका मारत होतो."

गाडी चालवताना ती रडली. मी रडलो नाही. माझं एक काम राहिलं होतं.

मॉरीनची बाकीची रक्षा इथल्या स्मृतिबागेत आहे. तिथं लावायच्या पाटीवर 'मीना जाधव' लिहायला मंडळातल्या लोकांनी सांगितलं होतं, मीही मान हलवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी पाटीवाल्याला फोन लावला.

"नाव बदलायचंय," म्हटलं.

"सगळं?"

"सगळं. मॉरीन डोहर्टी. त्याखाली, महादेव जाधवची बायको."

"डोहर्टीचं स्पेलिंग सांगा," तो म्हणाला.

मी तिचा जन्मदाखला पुढे ओढला, चष्मा लावला आणि एकेक अक्षर सांगितलं.