शेवटी सांधलेली जागा

मी भंडाऱ्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. त्यामुळे घरातल्या कॉम्प्युटरला काही झालं की नवरा हात वर करायचा आणि मी मोठ्या ऐटीत ओढणी खोचून बसायची. माझा हा तोरा कुणाला भोवला, तेच इथं सांगायचं आहे.

सासूबाईंचं माहेर कोंढ्याकडचं. वडील तलावात मासे धरायचे. सासूबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. मी एकदा गंमत म्हणून त्यांना मराठी टायपिंग दाखवलं, तर त्या बाईनं ते सोडलंच नाही. दुपारची जेवणं आटोपली की एका बोटानं अक्षरं शोधत त्या वडिलांच्या तलावाबद्दल लिहायच्या. मरळ चिखलात कुठं दडते, काटेरी शिंगट धरताना हात कसा वाचवायचा, पहाटे जाळं टाकायला जाताना वडील का बिलकुल बोलायचे नाहीत, असं काय काय. बाजूच्या खिडकीत भजनाचा व्हिडिओ चालू. भजनाशिवाय बोट सरकत नाही म्हणायच्या. यावरून मी त्यांना चिडवायची, पण संध्याकाळी घरी आले की त्या दिवसाचं लिहिलेलं चोरून वाचायची. मला ते फार आवडायचं. तसं त्यांना मी कधी सांगितलं मात्र नाही.

दिवाळीच्या सुमारास क्लासमधला एक जुना कॉम्प्युटर मोडीत निघाला. त्यातली रॅमची पट्टी मी मागून घरी आणली आणि आमच्या कॉम्प्युटरमधल्या रिकाम्या खाचेत बसवली. तो एकदम पळायला लागला. चार दिवस मी घरात भाव खाऊन घेतला.

महिनाभरात तो बंद पडू लागला. मध्येच निळा पडदा यायचा, आणि सासूबाईंनी लिहिलेलं अर्धं पान गायब. मी आले की त्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेल्या दिसायच्या.

"मी काहीच नाई केलं वं. नुसतं लिहून राहिली होती."

मी व्हायरस शोधला, विंडोज नव्यानं टाकलं, पंखा साफ केला, यूपीएस बदलून घेतला. संध्याकाळी मी बसले की कॉम्प्युटर शहाण्यासारखा चालायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा निळा पडदा. मग माझा संशय कुणावर गेला हे काय सांगायचं.

एकदा मी कॅबिनेट उघडून बसले होते. सासूबाई बाजूला तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "आमचे बाबा जाळ्यातून मासे निसटले का शेवटी सांधलेली जागा पहिले पायत. बाकी जाळं मंग. तू शेवटी काय सांधलं होतं यात?"

मी खळखळून हसले. "आई, हे काय मासे धरायचं जाळं आहे का?"

त्याही हसल्या आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

नंतर एका रविवारी शेजारच्या काकू चहाला आल्या होत्या. क्लासचे पेपर मी त्याच कॉम्प्युटरवर तयार करत होते. दुपारी सासूबाई थोडा वेळ बसल्या होत्या आणि त्यात माझी फाइल उडाली. मी काकूंसमोरच बोलले, "आई, तुम्ही नका हात लावत जाऊ याला आता. कुठलं तरी बटण दाबता आणि वर काहीच केलं नाही म्हणता." काकू कपातल्या चहाकडे पाहत राहिल्या. सासूबाई म्हणाल्या, "बरं बाई, नाई लावत."

दुसऱ्या दिवशी कीबोर्डवर त्यांनी भरतकाम केलेला रुमाल अंथरलेला होता. त्यानंतर त्या खुर्चीत त्या बसल्या नाहीत. आणि कॉम्प्युटर बंद पडणं थांबलं! मला तर पुरावाच मिळाला. पंधरा दिवसांनी जेवताना मी म्हटलंसुद्धा, "बघा आई, एकदाही बंद पडला नाही." त्यांनी मान हलवली आणि मला भात वाढला.

उन्हाळ्यात त्यांना ताप आला. तो छातीत उतरला आणि आठवड्याभरात त्या गेल्या.

पावसाळा संपता संपता नवऱ्यानं एका रविवारी आईचे सगळे फोटो एकदम उघडले. त्यांचा एक चांगला फोटो मोठा करून लावायचा होता. निळा पडदा आला. त्याच्या मागेच मी उभी होते. त्याचा हात माउसवर होता आणि त्यानं कुठलंही बटण दाबलं नव्हतं.

मुलांना मी जे पहिल्या आठवड्यात शिकवते, ते त्या दुपारी घरी केलं. एका वेळी एकच पट्टी ठेवायची आणि रॅम तपासायचा प्रोग्राम चालवायचा. जुनी पट्टी तासाभरात स्वच्छ निघाली. मग मी आणलेली लावली. दोन मिनिटांत चुका दाखवणाऱ्या लाल ओळी सुरू झाल्या. पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासले, खाच बदलून पुन्हा लावली. पुन्हा लाल ओळी. पडदा भरून गेला. थोडं काम असलं की जुन्या पट्टीवर भागायचं. भजन, फाइल, फोटो असं सगळं एकदम उघडलं की माझ्या पट्टीची पाळी यायची. मी संध्याकाळी एकच फाइल उघडायची, म्हणून माझ्यापुढे तो कधी बंद पडला नाही. शेवटी सांधलेली जागा, आणि ती मीच सांधलेली. मी खाली फरशीवर बसून रडले.

मग त्यांची फाइल उघडली. शेवटची ओळ अशी होती: "बाबांनी मले जाळं सांधाची गाठ शिकवली, थे उद्या लिवतो." ती गाठ आता आमच्या घरात कुणाला येत नाही. सासूबाईंच्या भावाला, मामांना, फोन करून विचारलं. ते म्हणाले, थे फक्त तिलेच येत होती.

संध्याकाळी मी शेजारच्या काकूंकडे गेले. ज्यांच्यासमोर बोलले होते, त्यांच्यासमोर तरी खरं सांगावं म्हणून. बिघाड मी बसवलेल्या पट्टीत होता, आईंचा काही दोष नव्हता, असं दारातच सांगून टाकलं.

काकूंनी मला हात धरून आत नेलं. मग म्हणाल्या, "थे तं सगळ्याइले सांगत होती, माह्या हातानंच बिघडला म्हणून. सून एवढी हुशार, तिनं दिवाळीले नवा करून देल्ला, अन् मी बिघडवला म्हणे. कोणी तुले नाव ठेवू नये म्हणून लय जपे थे."

मी घरी आले. कीबोर्डवरचा रुमाल दुपारी मी बाजूला काढून ठेवला होता, तो अजून तसाच होता.