घंगाळातले देव

काम अडलं की आमच्याकडे देव पाण्यात घालतात. देव्हाऱ्यातले सगळे उचलून घंगाळात बुडवायचे आणि बजावायचं, काम झाल्याशिवाय बाहेर काढणार नाही. तोवर पूजा नाही, नैवेद्य नाही.

कऱ्हाटीत नवी नवरी होते तेव्हा हा उपाय मी फार हौसेने केला. मालकांना बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी हवी होती. मी खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण, सगळे बुडवले आणि सासूबाईंना तोऱ्यात सांगितलं. त्या ज्वारी पाखडत होत्या. सुपावरची नजर न काढता म्हणाल्या, "देवालाच हिव भरलं तर नोकरी कोन लावंल गं?"

नोकरी लागली. त्यात मालकांच्या आयटीआयचा काही हात असेल, असं मला वाटलं नाही. मी गावातल्या बायकांना सल्ले द्यायला लागले. "टाक पुरता बुडाय पायजे. निस्ता भिजून भागत न्हाय." इतकी शहाणी बाई कऱ्हाटीने त्याआधी पाहिली नव्हती.

मालक रिटायर होऊन घरी बसले आणि कोरोना आला. देवळाला कुलूप, एसटी बंद. मालकांना धाप लागायला लागली तेव्हा त्यांना बारामतीच्या दवाखान्यात नेलं. सोबत कुणालाच येऊ दिलं नाही. गाडीत चढताना ते म्हणाले, "गवार तोडून घे, जून व्हायला लागलीया."

गाडी वळली आणि मी माळ्यावरचं घंगाळ काढलं.

संध्याकाळी सवयीने वात घेऊन देव्हाऱ्यापुढे गेले. देव्हारा रिकामा. सून दारात उभी. "आत्या, दिवा कुणापुढं लावताय?"

मी घंगाळात डोकावले. बाळकृष्ण तळाशी, हातात लोणी, नाकातोंडात पाणी. तिकडे मालकांना श्वास पुरत नव्हता आणि इकडे मी ह्याचाही कोंडून ठेवला होता. वर माझं गाऱ्हाणं त्याने ऐकावं, अशी अपेक्षा.

मी बाह्या सारून एकेक देव बाहेर काढला.

सून घाबरली. "आत्या, तात्या आजून आलं न्हायत. आदीच काढलं तर?"

"यायचं तवा येतील. तवर म्या बोलू कुणाशी?"

देव पुसले. हळदकुंकू लावलं, भंडारा वाहिला, दिवा लावला. मागायचं ते मागितलं. या वेळी अट नव्हती.

मालक आले नाहीत.

भेटायला येता येत नव्हतं, म्हणून बायका फोनवर हळहळल्या. शेवटी प्रत्येकीने आवाज खाली आणून तेच सांगितलं: देव काढायची घाई केलीस. माझेच जुने सल्ले मला परत मिळत होते, टाक पुरता बुडण्यासकट.

सुतक फिटलं त्या सकाळी मी देवांना आंघोळ घातली, कोमट पाण्याने. खंडोबाशी एक शब्द बोलले नाही. हा अबोला बरेच दिवस चालला, पण पूजा चुकली नाही. मालकांशीही मी तशीच वागायचे. अबोला असला तरी ताट वाढलेलं असायचं. आणि ते मुकाट्याने जेवायचे, तसा खंडोबाही खोबरं घेत राहिला. मग एका सकाळी गवार कशी काय लागलीय, ते मीच त्याला सांगायला लागले. दुसरं होतं कोण.

परवा नात इंदापूरच्या कॉलेजातून आली ती रडवेली. परीक्षा तोंडावर आणि निम्मा अभ्यास बाकी.

"आजी, देव घाल की पाण्यात."

मी घंगाळ काढलं, गार पाण्याने भरलं आणि देव्हाऱ्यापुढे ठेवलं.

"आता?"

"आता तुझं पाय घाल. मग झोप येत न्हाय."

रुसली, पण बसली पुस्तक घेऊन. समोर खंडोबा, घंगाळ भरलेलं असून पहिल्यांदाच बाहेर राहून, कोरडाठाक बघत होता.